दर शनिवारी पुसायच्या पाच गिटारी

पत्र फोंडा तालुक्यातल्या एका गावातून आलं आहे. लिहिणारे सेहेचाळीस वर्षांचे, एका कारखान्यात मेंटेनन्स विभागात. घर जुनं, चिऱ्याचं, नळ्यांच्या छपराचं. त्यांचे काका बोटीवर कामाला होते. त्यांनी १९७० च्या दशकात परदेशातून एक लाकडी गिटार आणली आणि पुतण्या तिच्यावरच शिकला. पुढे नोकरीसाठी सहा वर्षं पुण्यात काढावी लागली. गिटार तेवढा काळ गावातल्या बंद खोलीत, कपाटात राहिली. परत येऊन पाहिलं तर ब्रिज (तारा अडकवायची पट्टी) उखडलेला, टॉप (वरची फळी) फुगलेला, पाठीला बुरशी. काका तेव्हा हयात होते. त्यांनी गिटार पाहिली आणि काही बोलले नाहीत. "बोलले असते तर बरं झालं असतं," असं पत्रात लिहिलं आहे. ती गिटार आज माळ्यावर आहे.

त्यानंतर गोव्यात लाकूड नको असं त्यांनी ठरवलं. २०१६ मध्ये कार्बन फायबरची पहिली अकूस्टिक गिटार घेतली, आज अशा पाच आहेत. दर शनिवारी पाचही बाहेर काढून ते पुसतात, हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचं यंत्र) बघतात, सिलिका जेलच्या पुड्या बदलतात आणि परत हार्डकेसमध्ये ठेवतात. सहावी मनात भरली आहे. ती परदेशातून मागवावी लागेल, खर्च सव्वादोन लाखांच्या घरात. मडगावचे त्यांचे गिटारचे सर म्हणतात, "हिका जीव ना," म्हणजे हिला जीव नाही. पत्नी म्हणते, "मला तर सगळ्या एकाच आवाजाच्या वाटतात. तेवढ्यात पावसाआधी घर शाकारून होईल." तेरा वर्षांची मुलगी शिकायला लागली आहे. तिला एक साधी लाकडी गिटार आणून दिली होती, ती गेल्या जुलैत वाजेनाशी झाली.

त्यांचे प्रश्न तीन. सहावी घ्यावी का? काकांची मोडकी गिटार आता देऊन टाकावी का? आणि आपल्या हवेत कार्बनच शहाणपणाचा, हे सरांना कसं पटवावं?

नमस्कार,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. तिथे तुमची बाजू भक्कम आहे आणि ते आधी मान्य केल्याशिवाय पुढचं बोलणं बरोबर होणार नाही.

गिटारला मानवणारी हवा म्हणजे साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता. चांगल्या कारखान्यात लाकूड याच हवेत मुरवतात आणि याच हवेत सांधतात. आपल्याकडे जूनमध्ये पाऊस लागला की सप्टेंबरपर्यंत हा आकडा ऐंशीच्या वरच घुटमळतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा आपला मुलूख. लाकूड हवेतलं पाणी पितं आणि आडवं फुगतं. रेषांच्या लांबीत ते जवळजवळ वाढत नाही, रुंदीत वाढतं. गिटारचा टॉप, म्हणजे सतारीत ज्याला तबली म्हणतात तो भाग, जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाडीचा असतो. त्याच्या कडा चारही बाजूंनी चिकटवलेल्या. मग फुगायला वाट एकच उरते, वर. ब्रिजच्या मागे पोट येतं, ब्रिज उचलला जातो, तारा फ्रेटपासून, म्हणजे बोटांखालच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपासून, लांब जातात. त्यात सहा पोलादी तारांचा ताण सत्तर किलोच्या आसपास, तो रात्रंदिवस चालूच. मार्चमध्ये लोण्यासारखी वाजणारी गिटार ऑगस्टमध्ये बोटं कापायला लागते ती अशी. तुमच्या मुलीच्या गिटारचं जुलैत बहुधा एवढंच झालं असावं. तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

कार्बन फायबरचा हा स्वभाव नाही. केसाहून कितीतरी बारीक कार्बनच्या तंतूंचं कापड इपॉक्सी रेझिनमध्ये भिजवून, साच्यात थरावर थर देऊन ते घट्ट करतात. दमट हवेने ते फुगत नाही. वजनाच्या मानाने ते इतकं ताठ असतं की टॉपला आतून पट्ट्यांचा आधार अगदी थोडा लागतो, काही गिटारींत तर लागतच नाही. हा विचार जुना आहे, हे तुम्हाला माहीतच असेल. हेलिकॉप्टरं बनवणाऱ्या चार्ल्स कामन यांनी १९६६ मध्ये ओव्हेशन गिटार आणली, तिची गोल पाठ काचतंतू आणि रेझिनची होती. दहा वर्षांनी त्याच घराण्यातल्या अ‍ॅडमास या गिटारला कार्बन फायबरचा टॉप आला. अख्खी गिटार कार्बनची करण्याचं काम पुढे हवाई बेटांवर जॉन डेकर या भौतिकशास्त्रज्ञाने नेटाने केलं आणि गिटारचं नाव रेनसाँग ठेवलं. समुद्रकाठ, दमट हवा, पाऊस आणि लाकडाचे हाल. त्यांची अडचण आपलीच होती.

तेव्हा आपल्या हवेत कार्बन शहाणपणाचा, हे खरं. तरी सरांना पटवायला जाऊ नका, असं मी म्हणेन. सर बोलताहेत आवाजाबद्दल आणि तुम्ही उत्तर देताय टिकाऊपणाचं. दोघांची वाट एकमेकांना छेदतच नाही.

कार्बनची गिटार वेगळी वाजते, हे मान्य करून टाकलं की पुष्कळ भांडण मिटतं. लाकूड वरच्या कंपनांतली काही कंपनं स्वतःतच जिरवतं, त्यातून तो मऊ, उबदार आवाज येतो. कार्बन कमी जिरवतो. स्वर लख्ख निघतो, लांब टिकतो, मोठा येतो. आणखी एक फरक आहे आणि सरांच्या "जीव" या शब्दाच्या मुळाशी बहुधा तोच असावा. लाकडी गिटार वर्षानुवर्षं वाजून बदलत जाते. कार्बनची गिटार पहिल्या दिवशी जशी वाजली तशीच वीस वर्षांनी वाजते. एकाच गिटारबरोबर आयुष्य काढलेल्या माणसाला ते बदलत जाणं म्हणजेच जीव वाटणार. त्यात चूक काय?

त्याच वेळी, लाकडाचं नाव ऐकून कान आधीच ठरवून टाकतात, हेही खरं आहे. २०१८ मध्ये इंग्लंडच्या लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. सहा गिटारी एकाच घडणीच्या, फक्त पाठीचं आणि बाजूंचं लाकूड वेगळं, स्वस्तापासून अतिमहागापर्यंत. अंधाऱ्या खोलीत, डोळ्यांवर काळे गॉगल लावून ५२ वादकांनी त्या वाजवल्या. महाग लाकूड त्यांना आवाजावरून फारसं वेगळं काढता आलं नाही. हा प्रयोग कार्बनचा नव्हता आणि टॉपचाही नव्हता, त्यामुळे याच्या जोरावर सरांशी वाद घालू नका. स्वतःच्या कानांवर किती विसंबायचं, एवढ्यापुरताच तो लक्षात ठेवा.

आणि घुमट आठवा, आपलं मडक्याला कातडं मढवून केलेलं तालवाद्य. चवथीला तुमच्याकडेही आरत्यांना घुमट, शामेळ (काठ्यांनी वाजवायचं तालवाद्य) आणि कासाळें (झांजा) असतीलच. घुमटाचं तोंड पूर्वी घोरपडीच्या कातड्याने मढवत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली घोरपड संरक्षित झाली आणि हळूहळू बकऱ्याचं कातडं आलं. आमच्या घरातली जुनी माणसं शेवटपर्यंत म्हणायची, तो नाद आता नाही. ती खोटं बोलत नव्हती. नाद बदललाच होता. पण २०१९ मध्ये राज्याने घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला, तेव्हा आरत्यांना बसणारी मुलं या नव्या नादावरच वाढलेली होती. त्यांच्या हातांत तो पोरका वाटत नाही. साधन बदलल्यावर हात नव्याने बसवावा लागतो, त्याला वेळ लागतो. कार्बनवर तुमचा हात बसला आहे का, एवढंच सरांना विचारा. पाचांतली एक घेऊन त्यांच्याकडे जा आणि न बोलता वाजवा. जाताना एक करून पाहा. पातळ प्लेक्ट्रमऐवजी थोडं जाड घ्या किंवा बोटांच्या गराने वाजवा. कार्बनचा जो टणक, खटखटीत भाग कानाला टोचतो तो यानेच बराचसा उतरतो.

आता पहिला आणि दुसरा प्रश्न. ते मला वेगळे करता येत नाहीत.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा शनिवारच्या त्या ओळीपाशी थांबले. पाच गिटारी बाहेर काढायच्या, पुसायच्या, आर्द्रता बघायची, सिलिका जेल बदलायचं. तुम्ही मेंटेनन्समध्ये आहात, कुठल्या वस्तूला काय लागतं हे तुम्हाला माझ्याहून जास्त कळतं. कार्बनच्या शरीराला हायग्रोमीटर लागत नाही. सिलिका जेल फार तर तारांच्या आणि आतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या उपयोगाचं. ज्या कटकटीतून सुटायचं म्हणून तुम्ही या गिटारी घेतल्या, ती सगळी निगा तुम्ही त्यांची दर आठवड्याला मन लावून करताय.

मला वाटतं, ही निगा काकांच्या गिटारची आहे. त्या सहा वर्षांत जी करता आली नाही, ती तुम्ही आता करताय. पण करताय तिला गरज नसलेल्या वस्तूंची. जिला गरज आहे ती त्याच घरात माळ्यावर आहे, तापणाऱ्या आणि गळणाऱ्या नळ्यांच्या खाली.

हे मी दोष म्हणून लिहीत नाही. हे मला आतून ठाऊक आहे. माझ्या वडिलांचं व्हायोलिन मी पणजीत तळमजल्याच्या खोलीत एक अख्खा पावसाळा भिंतीला टेकवून ठेवलं होतं. सप्टेंबरमध्ये उघडलं तर एका बाजूची पट्टी पाठीपासून सुटून आलेली. त्यानंतर तीन वर्षं मी ती पेटी उघडली नाही. उघडली असती तर वडिलांचा चेहरा समोर आला असता. चौथ्या वर्षी एका दुरुस्ती करणाऱ्याकडे नेलं. त्याने दोन मिनिटं उलटसुलट पाहिलं आणि म्हणाला, सरस सुटलाय, लाकूड शाबूत आहे. सरस मुद्दामच असा वापरतात की ताण असह्य झाला तर आधी सांधा सुटावा आणि लाकूड वाचावं. मला हे तीन वर्षं आधी कुणी सांगितलं असतं तर, असं वाटतं, म्हणून तुम्हाला सांगते आहे.

तुम्ही गृहीत धरलंय की काकांची गिटार मेली. पत्रात दिलेल्या तीन खुणांवरून मला तसं वाटत नाही. ब्रिज उखडणं ऐकायला भयंकर असलं तरी दुरुस्तीच्या जगात ते नेहमीचं काम आहे. उखडताना टॉपचं लाकूड फाटून आलं असेल तर जास्त काम, स्वच्छ सुटला असेल तर थोडं. फुगलेला टॉप कोरड्या हवेत हळूहळू बराच बसतो. पाठीवरची बुरशी बहुतेक वेळा वरवरची असते.

आत्ता जानेवारी आहे आणि मार्चपर्यंत आपली हवा त्यातल्या त्यात कोरडी असते. म्हणून हे काम आत्ताच. गिटार माळ्यावरून उतरवा, तारा असतील तर पूर्ण सैल करा. उन्हात ठेवू नका. झटकन सुकलेलं लाकूड तडकतं. बाल्कावात (घराच्या पुढच्या ओसरीत), सावलीत, वारा लागेल अशी दोन-तीन आठवडे राहू द्या. नाकातोंडावर मास्क लावून कोरड्या मऊ ब्रशने बुरशी झाडा, ओलं फडकं अगदी पिळून फिरवा, फिनेल-बिनेल लावू नका. मग दाताच्या डॉक्टरसारखा छोटा आरसा आणि मोबाइलचा टॉर्च साउंडहोलमधून, म्हणजे टॉपवरच्या गोल भोकातून, आत घाला. आतल्या पट्ट्या सुटल्यात का ते दिसेल. बोटाच्या पेराने टॉपवर ठिकठिकाणी हलकेच टकटक करा, जिथे खुळखुळ वाजेल तिथे सांधा सुटलेला आहे. साउंडहोलच्या कडेला नीट बघा. वरच्या लाकडाच्या रेषा कडेच्या जाडीतून तशाच खाली गेल्या असतील तर टॉप एकसंध लाकडाचा. थर दिसत असतील तर प्लायचा, आणि प्लाय असेल तर आपल्या हवेत तो उलट जास्त तग धरतो. शेवटी एक सरळ पट्टी फ्रेटवरून पुढे धरा. ती ब्रिजच्या जागी साधारण त्याच्या माथ्याशी आली पाहिजे. फार खाली गेली तर नेकचा, म्हणजे गिटारच्या मानेचा, कोन बिघडलाय आणि ते काम मोठं आहे.

एवढं पाहून झाल्यावर जाणकाराकडे जा. सुताराकडे नको आणि घरच्या फेव्हिकॉलने तर मुळीच नको. तसला पांढरा गोंद सततच्या ताणाखाली हळूहळू सरकतो आणि पुढे नीट चिकटवू पाहणाऱ्याचं काम अवघड करून ठेवतो. कोणता गोंद वापरणार आणि जुना कसा काढणार, हे दुरुस्ती करणाऱ्याला आधीच विचारा. त्याचं उत्तर ऐकूनच माणूस कळतो. खर्च कदाचित गिटारच्या बाजारभावापेक्षा जास्त येईल. आला तरी सव्वादोन लाखांच्या जवळपासही जाणार नाही. आणि तो म्हणाला की हिचा ताण आता पेलणार नाही, तर हलक्या तारा लावून सगळ्या एक स्वर खाली उतरवून वाजवता येते का, ते विचारा. कित्येक म्हाताऱ्या गिटारी अशा सुखाने वाजतात.

पुढच्या जूनपासून तुमचा शनिवार तिच्यासाठी ठेवा. हायग्रोमीटर, सिलिका जेल सगळं तिच्याच केसमध्ये. पुड्यांचा रंग बदलला की तापवून परत कोरड्या करा. दोन्ही बाजूंनी काम करणाऱ्या, म्हणजे हवा ओली असेल तर पाणी ओढणाऱ्या आणि कोरडी असेल तर सोडणाऱ्या पुड्याही मिळतात, पण त्या घट्ट बंद केसमध्येच उपयोगी. उघड्या खोलीत आपल्या पावसाळी हवेतलं पाणी पिऊन त्या आठवड्यात भरून जातात. डांबराच्या गोळ्यांनी ओल जात नाही. चिऱ्याच्या किंवा मातीच्या भिंतीवर गिटार टांगू नका, टेकवूही नका. पावसाळाभर ती भिंत पाणी धरून असते आणि पाठीला तेच लागतं. बुरशी केसच्या अस्तरातही राहते, म्हणून ऑक्टोबरच्या उन्हात केस उघडी टाकून नीट तापवा, गिटार तिच्यात नसताना.

आता सहावी.

पत्नी म्हणाल्या, सगळ्या एकाच आवाजाच्या वाटतात. तुम्ही ते गिटार न कळणाऱ्याचं मत म्हणून पत्रात टाकलंय. मी ते साक्ष म्हणून घेईन. दहा वर्षं त्या घरात या गिटारी ऐकताहेत. एखाद्या संध्याकाळी त्यांना आणि मुलीला पडद्याच्या पलीकडे बसवा आणि एकच तुकडा पाचही गिटारींवर वाजवा, क्रम बदलून दोनदा. मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि आठवड्याने तुम्हीही न बघता ऐका. कुठली कुठली हे ओळखता आलं तर तुमचा संग्रह खरंच वेगवेगळ्या आवाजांचा आहे. नाही आलं, तर सहावी काय वेगळं देणार आहे? तुमच्या वर्णनावरून ती तुमच्या तिसरीचंच नवं रूप वाटते. नायलॉनच्या तारांची, बारा तारांची किंवा प्रवासात नेण्याजोगी छोटी असती तर मी वेगळा विचार केला असता.

संग्रह करणं गैर आहे असं मला वाटत नाही. या गिटारींचा इतिहास अजून लहान आहे आणि तो हातातून निसटतो आहे. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातली कंपोझिट अकूस्टिक्स ही या क्षेत्रातली नावाजलेली कंपनी २०१० मध्ये बंद पडली आणि मग पीव्ही या वाद्यं आणि अ‍ॅम्प्लिफायर बनवणाऱ्या कंपनीने ती घेतली. अशा पहिल्या काळातल्या गिटारी जपणारी, त्यांची घडण, वर्ष, आवाज नोंदवणारी माणसं हवीतच. तुम्हाला त्यात रस असेल तर वही घाला. पाचांपैकी प्रत्येकीची नोंद करा, टॉपची विणकाम दिसणारी बाजू, आतल्या पट्ट्या, ट्रस रॉड (नेकचा बाक सांभाळणारी आतली सळई) आहे की नाही, तारांची उंची पावसात आणि उन्हाळ्यात. तुमच्यासारख्या तांत्रिक माणसाने फोंड्याच्या हवेत पाच कार्बन गिटारी चार पावसाळे मोजल्या, तर ती माहिती खरोखर मोलाची होईल. त्याला सहावी लागत नाही.

पैशांच्या बाजूने बघितलं तर परदेशी गिटारची छापील किंमत हा हिशेबाचा अर्धाच भाग असतो. वाहतूक, विमा, सीमाशुल्क, जीएसटी धरून घरपोच किती, ते आधी लेखी घ्या. काही बिघडलं तर वॉरंटीसाठी तिला परत समुद्रापार पाठवावं लागतं. आणि विकायची वेळ आली तर आपल्याकडे गिऱ्हाईक मोजकं. घर शाकारायला मात्र मुदत आहे. मे संपला की ती संपते. काकांची गिटार ज्या छपराखाली राहणार तेच ते छप्पर आहे, हेही लक्षात घ्या. चवथ होईपर्यंत सहावीचा विषय बाजूला ठेवा. तोवर तिने काय वेगळं द्यावं हे एका वाक्यात लिहिता आलं, तर पत्नीशी मोकळेपणाने बोला आणि घ्या.

मुलीचं मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे. घरात पावसाला न घाबरणाऱ्या पाच गिटारी असताना, शिकणाऱ्या मुलीच्या हातात पावसाला सगळ्यात जास्त घाबरणारी गिटार दिली गेली. तुम्ही हे जाणूनबुजून केलं नाही, हे मला दिसतंय. चांगल्या वस्तू जपायच्या, मुलांना साध्या द्यायच्या, असं आपण सगळेच करतो. पण तेरा वर्षांच्या बोटांना जुलैत उंच गेलेल्या तारा दाबाव्या लागल्या की मूल म्हणतं, मला जमत नाही. दोष गिटारचा असतो आणि मूल तो स्वतःकडे घेतं. पाचांतली सगळ्यात लहान अंगाची गिटार तिला द्या. कायमची द्या, मागून घ्यायची नाही. हलक्या तारा लावा, सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकतात ती पट्टी) घासून तारा खाली आणा. केसमध्ये ठेवू नका, बाहेरच्या खोलीत स्टँडवर उघडी राहू द्या. येताजाता हातात येईल. तिच्यावर ओरखडे उठतील. उठू द्या.

तिची लाकडी गिटारही टाकू नका. समुद्रकाठच्या सगळ्यांनाच सांगण्यासारखी ही युक्ती आहे, मालवणपासून कारवारपर्यंत. एका गिटारला दोन सॅडल करून घ्या, एक उन्हाळ्याचा उंच आणि एक पावसाळ्याचा ठेंगणा. जूनमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये, तारा बदलतानाच, तो बदलायचा. पाच मिनिटांचं काम आहे. ट्रस रॉडला हात लावायचा तर एका वेळी पाव वळशापेक्षा जास्त नको.

ज्यांनी अजून कार्बनची एकही घेतलेली नाही आणि हे पत्र वाचून घ्यायचं मनात आलंय, त्यांच्यासाठी थोडं. "कार्बन फायबर" या नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक कार्बनच्या कापडाचे थर देऊन केलेली, महाग. दुसरी पॉलिकार्बोनेटमध्ये कार्बनचे तंतू मिसळून साच्यात ओतलेली, तिच्यापेक्षा खूपच स्वस्त. दुसरी वाईट नाही. पावसाळ्यात शिकायला, सहलीला न्यायला ती चांगली. पण पहिलीचा आवाज तिच्यात शोधू नका. काही कार्बन गिटारींत ट्रस रॉड नसतोच, मग नेकचा बाक नंतर बदलता येत नाही. म्हणून घेण्याआधी हातात धरून, नेकवरून डोळा लावून बघा. तारा इथेही गंजतात, समुद्राच्या हवेत तर महिन्याभरात, तेव्हा कोटेड तारा घ्या आणि वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसा. पिकअप असेल तर पावसाळ्यात वापर नसताना बॅटरी काढून ठेवा. ती फुटून आतले जोड खाते आणि गिटार मुकी होते. आणि आपटली तर कार्बनही फुटतो. ते लाकडाच्या दुरुस्तीवाल्याचं काम नव्हे, इपॉक्सी आणि कापडाचं काम आहे. आपल्याकडे फायबरच्या होड्या दुरुस्त करणाऱ्यांना त्याची जाण असते, पण गिटारचा पातळपणा त्यांना समजावून सांगावा लागेल. घासताना उडणारी धूळ फुप्फुसांना वाईट, मुलांना लांब ठेवा.

काकांची गिटार उतरवताना शिडी धरायला मुलीला बोलवा, आणि साउंडहोलमधून दिसणाऱ्या लेबलचा फोटो मला पाठवा. अक्षरं पुसली असतील तर पाठीचा पाठवा. पाठ शिसवीची असेल तर एक गंमतीची शक्यता आहे. ब्राझीलची शिसवी मिळेनाशी झाल्यावर मार्टिन कंपनीने १९६९ मध्ये भारतीय शिसवी वापरायला सुरुवात केली, आणि इतरही बरेच त्याच वाटेने गेले. काकांनी सातासमुद्रापलीकडून आणलेल्या गिटारची पाठ आपल्याच घाटात वाढलेली असू शकते. लाकडाच्या रेषा नीट दिसतील असा उजेडात काढा.